मीडियातले (बॅक्टेरिया वाढवायच्या द्रावणातले) दोन-तीन घटक बदलले, वाढ तेवढीच, पण स्प्रे ड्रायरनंतर प्रोबायोटिकचा काउंट कोसळतोय. खुराकाचा आणि उष्णता सोसण्याचा संबंध असतो का?

सांगलीकर_डेअरी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमचं छोटं युनिट आहे, नाचणी माल्टमध्ये मिसळायला प्रोबायोटिक पावडर बनवतोय. स्ट्रेन (बॅक्टेरियाचा वाण) लॅक्टोबॅसिलस प्लांटारम, पुण्याच्या एनसीआयएम या सूक्ष्मजीव-संग्रहातून घेतलेला. सुरुवातीला सरळ एमआरएस ब्रॉथ या नेहमीच्या मीडियात वाढवायचो, मग सेंट्रिफ्यूज, सलाइनने एक वॉश, २० टक्के स्किम मिल्कमध्ये मिसळायचं आणि स्प्रे ड्रायर, इनलेट (आत जाणारी हवा) १६० आणि आउटलेट (बाहेर पडणारी) ८० अंशांच्या आसपास. एक लॉगपेक्षा (एक लॉग म्हणजे दहापट घट) कमी नुकसान व्हायचं, चालून जायचं.

आता प्रॉब्लेम असा की एमआरएसमध्ये बीफ एक्स्ट्रॅक्ट असतं आणि आम्हाला पाकिटावर हिरवा ठिपका पाहिजे, शिवाय खर्चही कमी करायचा होता, म्हणून बीफ एक्स्ट्रॅक्टच्या जागी सोया पेप्टोन टाकलं, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट निम्मं केलं आणि ट्वीन ८० (म्हणजे पॉलिसॉर्बेट ८०) काढून टाकलं कारण त्याचा फेस फार होतो. वाढ बघितली तर ओडी (ब्रॉथचा गढूळपणा) जवळपास तेवढीच, ड्रायिंगच्या आधीचा प्लेट काउंटही ९ लॉगच्या (म्हणजे १०० कोटींच्या) वरच. म्हटलं जमलं. पण ड्रायरमधून बाहेर आलं की दोन लॉगच्या वर नुकसान!! स्किम मिल्क तेच, ड्रायर तोच, ऑपरेटर तोच, तापमान तेच.

आमचे कन्सल्टंट म्हणतात प्रोटेक्टंट (वाळताना सेल जपणारा पदार्थ) वाढवा, माल्टोडेक्स्ट्रिन टाका, मीडियाचा काही संबंध नाही, सेल तर आपण धुऊनच घेतो ना. मला ते पटत नाहीये पण कारण सांगता येत नाही. कुणी यातलं आहे का इथे?

प्लेटवर_कॉलनी

दादा, तुम्हाला पटत नाहीये ते बरोबरच आहे. मीडियाचा संबंध आहे आणि चांगलाच आहे. सेल धुतला म्हणजे बाहेरचा मीडिया गेला, पण त्या मीडियातून सेलने आत जे भरून घेतलंय ते थोडंच जातं. उन्हात निघताना डोक्याला टॉवेल बांधणं वेगळं आणि घरातून पाणी पिऊन निघणं वेगळं, स्किम मिल्क हा टॉवेल झाला. दोन्ही लागतात, आणि तुम्ही नेमकं आतलं काढून घेतलंय.

तुम्ही काढलेल्या एकेका गोष्टीत काय होतं ते बघू.

आधी बीफ एक्स्ट्रॅक्ट. मांसात कार्निटीन असतं. आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्टमध्ये ग्लायसिन बीटेन असतं, ते तुम्ही निम्मं केलंत. हे दोन्ही रेणू प्लांटारमला स्वतःला बनवता येत नाहीत, पण बाहेर दिसले की तो ट्रान्सपोर्टर लावून आत ओढतो आणि साठवतो. ते खाऊन वाढायचं नसतं त्याला, म्हणून ओडीवर काही फरक दिसत नाही, आणि इथेच सगळे फसतात. या रेणूंचं काम वेगळंच आहे, गरमीत किंवा पाणी कमी झाल्यावर प्रोटीन उलगडायला लागतं, बीटेनला प्रोटीनच्या पृष्ठभागाजवळ राहायला आवडत नाही, तो तिथून लांब राहतो, त्यामुळे प्रोटीनला पसरण्यापेक्षा घडी घालून छोटं राहणं सोपं पडतं. म्हणजे तेवढ्याच तापमानाला कमी प्रोटीन बिघडतं. पोल्ट्रीवाले उन्हाळ्यात कोंबड्यांच्या फीडमध्ये बीटेन घालतात तो हाच पदार्थ.

सोया पेप्टोन वाईट नाही, अमिनो ॲसिड भरपूर मिळतात म्हणून वाढ छान होते, पण त्यात मांसासारखं कार्निटीन नाही.

मग ट्वीन ८०. ते नुसतं साबणासारखं वाटतं पण एमआरएसमध्ये ते ओलिक ॲसिड पुरवायला असतं. प्लांटारम ते ओलिक उचलून थेट मेम्ब्रेनमध्ये (सेलच्या पडद्यात) बसवतो आणि पुढे वाढ थांबायच्या सुमाराला त्यातल्या काहीचं सायक्लोप्रोपेन फॅटी ॲसिड करतो. ड्रायरमध्ये सगळ्यात आधी मार बसतो तो मेम्ब्रेनलाच. आधी गरम, मग पाणी जातं, मग तुम्ही परत पाण्यात घातलं की गळती.

द मान, रोगोसा आणि शार्प या तिघांनी १९६० साली हा मीडिया बसवला तो लॅक्टोबॅसिलाय जोमात वाढावेत म्हणून. लिटरला ट्वीन १ मिली, मँगनीज सल्फेट तर जेमतेम ०.०५ ग्रॅम. एवढ्याशा गोष्टी रेसिपीत बघून आपल्याला वाटतं काढल्या तर काय होतंय. मँगनीज तुम्ही ठेवलंय ना? ते आधी सांगा.

सांगलीकर_डेअरी

खूप खूप आभार सर, हे असं कुणी समजावून सांगितलंच नव्हतं. मँगनीज आणि मॅग्नेशियम दोन्ही ठेवलंय, ते स्वस्त असल्यामुळे हात लावला नाही. ग्लुकोज लिटरला २० ग्रॅम तेच.

प्लेटवर_कॉलनी

मग चांगलं झालं. प्लांटारमकडे सुपरऑक्साइड डिसम्यूटेज हे एन्झाइम नाही, त्याऐवजी तो सेलच्या आत मँगनीजचा साठा करतो, चांगला ३० मिलीमोलरच्या घरात, आणि त्यावर ऑक्सिजनचा मारा झेलतो. आर्चिबाल्ड आणि फ्रिडोविच यांनी १९८१ मध्येच हे दाखवलंय. ड्रायरमध्ये गरम हवेचा झोत असतो आणि नंतर पावडर महिनोन्महिने हवेच्या संपर्कात, तेव्हा ते मँगनीज कामाला येतं. मॅग्नेशियमचं काम रायबोसोम (सेलमधले प्रोटीन बनवणारे कारखाने) एकत्र धरून ठेवायचं, आणि गरमीत ढासळणाऱ्या गोष्टींत रायबोसोम फार वरच्या नंबरला आहे. या दोघांना कधीच हात लावू नका.

आरती_फूडटेक

सरांचं सगळं बरोबर आहे पण मला एक शंका आहे, दादा तुम्ही हार्वेस्ट कधी करता, म्हणजे सेल ब्रॉथमधून कधी काढता? तास धरून करता का? कारण मीडिया बदलला की ग्रोथ कर्व्ह सरकतो. पूर्वीच्या मीडियात समजा १६ तासांनी सेल स्टेशनरी फेजमध्ये (वाढ थांबलेल्या टप्प्यात) आलेले असायचे, नव्या मीडियात यीस्ट एक्स्ट्रॅक्ट कमी म्हणून वाढ उशिरा सुरू होत असेल तर त्याच १६ तासांना ते अजून लॉग फेजच्या (जोरात वाढीच्या टप्प्याच्या) शेपटात असतील. ओडी जवळपास सारखा दिसतो पण सेल वेगळे असतात. जोरात वाढणारा सेल उष्णतेला एकदम नाजूक. खाणं संपत आलं, ॲसिड वाढलं की तो जनरल स्ट्रेसची तयारी करतो, आणि तोच सेल उष्णतेलाही जास्त टिकतो.

म्हणून नुसतं "चांगला खुराक दिला की टिकतो" असं नाहीये, चांगल्या खुराकावर वाढून मग तो संपत आलेला असताना उचललेला सेल टिकतो. माझं एमटेकचं काम यातच चालू आहे म्हणून एवढं लिहिलं. तुम्ही दोन्ही मीडियात दर दोन तासाला ओडी आणि पीएच घेऊन कर्व्ह काढा आणि दोन्हीकडे वाढ सपाट झाल्यावर एक-दोन तासांनी हार्वेस्ट करून बघा. तरी फरक राहिला तर मग बीटेन, ट्वीन.

प्लेटवर_कॉलनी

आरतीताई शंभर टक्के बरोबर, हे आधी तपासायला पाहिजे. आणि यासाठी प्रत्येक वेळी ड्रायर चालवायची गरज नाही, वॉटर बाथवर होतं.

स्किम मिल्क टेस्ट ट्यूबमध्ये घेऊन ६० अंशांच्या वॉटर बाथमध्ये आधीच गरम करून ठेवायचं, एका ट्यूबमध्ये थर्मामीटर ठेवून खरंच ६० झालंय का बघायचं. मग ९ मिली गरम दुधात १ मिली सेल सस्पेन्शन सोडायचं. थंड सेल टाकून मग ट्यूब गरम करत बसलात तर तापायला लागणारा वेळ मोजमापात घुसतो. ट्यूब पाण्याच्या पातळीच्या चांगली खाली बुडालेली पाहिजे आणि पिपेट थेट दुधाच्या आत न्यायचं, वरच्या काठाला सेल चिकटले तर ते थंडच राहतात, मरत नाहीत आणि शेवटी तुमचा आकडा उगाच चांगला दिसतो. मग ०, २, ५, १० मिनिटांना १ मिली काढून बर्फातल्या ९ मिली डायल्युएंटमध्ये (पातळ करायच्या द्रावणात) टाकायचं.

प्लेट दोन प्रकारच्या करा. एक साधा एमआरएस अगार, दुसरा त्यातच ५ टक्के मीठ घातलेला. मेम्ब्रेन जखमी झालेला सेल साध्या अगारवर सावरतो पण मिठाच्या अगारवर उठत नाही. दोन्हीतला फरक म्हणजे जिवंत पण जखमी सेल. ट्वीन काढल्याचा परिणाम बहुतेक इथेच दिसेल.

वाखेनिंगनचा_पुणेकर

मी नेदरलँड्समध्ये असतो, आमच्या वाखेनिंगनच्याच विद्यापीठात केट्स आणि द बॉन्ट यांनी १९९४ मध्ये प्लांटारमवर बीटेनचं काम केलं होतं, ते या धाग्याला अगदी लागू आहे म्हणून सांगतो. बीटेन साठवलेले सेल ड्रायिंगमध्ये जास्त टिकले. मात्र तो अभ्यास वाळवण्यावरचा होता, स्प्रे ड्रायरच्या गरम झोतावरचा नाही, तेवढं लक्षात ठेवा.

मुख्य मुद्दा असा की मीडियात बीटेन आहे म्हणून सेल ते पोटभर साठवेलच असं नाही. बाहेर मीठ किंवा साखर वाढली, पाणी ओढलं जायला लागलं की मगच ट्रान्सपोर्टर जोरात चालतो. म्हणून वाढवताना थोडं मीठ घालतात, ०.३ मोलर म्हणजे लिटरला साधारण साडेसतरा ग्रॅम. याहून फार वर गेलात तर वाढही घसरते आणि उलट नुकसान होऊ शकतं, जास्त मिठात वाढलेले सेल वाळवल्यावर मंद पडलेले इथेच दिसलेत.

आणि दादा, तुमचा तो सलाइन वॉश! मिठाच्या मीडियात वाढलेला सेल एकदम पातळ सलाइनमध्ये किंवा, देव न करो, आरओच्या पाण्यात टाकलात तर आत पाणी घुसतं, सेल फुगतो, आणि फुटू नये म्हणून झडपा उघडून साठवलेलं बीटेन काही क्षणात बाहेर ओततो. प्लांटारममध्ये हे मोजून दाखवलेलं आहे. एवढं महागाचं खाऊ घालायचं आणि ड्रायरच्या दारात सगळं ओतून टाकायचं. त्यामुळे वॉशच करायचा तर मीडियाएवढंच मीठ असलेल्या पाण्याने करा, नाहीतर वॉश सोडून द्या आणि सरळ घट्ट स्किम मिल्कमध्ये मिसळा.

बीटेन कुठून आणायचं म्हणाल तर युरोपात बीटची मळी स्वस्त मिळते आणि तिच्यात ते भरपूर असतं. सांगली-कोल्हापुरात मळीला तोटा नाही पण ती उसाची, तिच्यात बीटेन नावालाच, तेव्हा त्या भरवशावर राहू नका. शुद्ध बीटेन घ्या, पण फूड ग्रेड. पोल्ट्रीवाल्यांकडचं फीड ग्रेड नको.

स्पोरवाला

एवढा खटाटोप कशाला, बॅसिलस कोॲग्युलन्स वापरा ना. स्पोरलॅकमध्ये वर्षानुवर्षं तेच आहे, पूर्वी लेबलवर लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेन्स लिहायचे. तो स्पोर (कडक कवचाची सुप्त अवस्था) बनवतो, ड्रायर सोडा, गरम पेयातसुद्धा टिकतो. १९१५ मध्ये अमेरिकेत आयोवाला हॅमरने तो पहिल्यांदा पकडला तोच मुळी डबाबंद आटवलेल्या दुधात, म्हणजे डब्याच्या प्रोसेसमधून वाचलेला.

प्लेटवर_कॉलनी

पर्याय म्हणून उत्तम आहे. पण यांनी प्लांटारमवर प्रॉडक्ट उभं केलंय, आणि प्रोबायोटिकमध्ये फायदा स्ट्रेनगणिक बदलतो, एकाच्या जागी दुसरा टाकला असं चालत नाही. शिवाय खुराकाचा प्रश्न स्पोरमध्येही सुटत नाहीच. खाणं संपलं की स्पोर बनतो हे खरं, पण तो दणकट बनायला मीडियात मँगनीज आणि कॅल्शियम लागतं. स्पोरच्या गाभ्यात डायपिकोलिनिक ॲसिड कॅल्शियमसोबत बांधलेलं असतं आणि त्यामुळे तिथलं पाणी कमी होतं, उष्णता सोसायची ताकद मोठ्या प्रमाणात तिथून येते. कॅल्शियम तोकडं पडलं तर स्पोर दिसायला स्पोरच, पण गरमीला कच्चा.

ताक_कढी_आंबील

मी गृहिणी आहे, लॅबमधलं फार कळत नाही पण धागा वाचून एक विचारावंसं वाटतं. दूध पौष्टिक आहे, ताकात सगळं खाणं आहे, मग कढी केली तरी ते बॅक्टेरिया वाचत असतील का? आमच्याकडे ज्वारीची आंबील रोज असते, सासूबाई म्हणतात आंबवलेलं आहे म्हणजे पोटाला चांगलंच.

आरती_फूडटेक

काकू, कढीला उकळी येते तेव्हा नाही वाचत. इथे आम्ही बोलतोय ते ६०-७० अंशांच्या, काही सेकंद ते मिनिटांच्या हिशोबाचं आहे, त्यात खुराकाने दहापट-शंभरपट फरक पडू शकतो. उकळत्या कढीत पाच मिनिटं म्हटली तर कितीही खाऊनपिऊन तगडा झालेला लॅक्टोबॅसिलस संपतो. ड्रायरची हवा १६० असते तरी ते वाचतात कारण थेंबातून पाणी उडत असेपर्यंत तो थेंब स्वतः ५० च्या आसपासच राहतो, शेवटी पाणी संपत आलं की तापायला लागतो आणि खरी कत्तल तिथे होते. म्हणूनच इनलेटपेक्षा आउटलेटचं तापमान जास्त बघायचं असतं. दादा, तुमचं आउटलेट ८० वरून ७०-७२ ला आणता आलं आणि पावडरची मॉइश्चर ४-५ टक्क्यांत राहिली तर तेही करून बघा.

आंबिलीचं म्हणाल तर शिजवताना आंबवणातले बॅक्टेरिया मरतात पण आंबवल्यामुळे पीठ पचायला हलकं झालेलं असतं ते कुठे जात नाही. आणि आंबील कोमट झाल्यावर वरून ताजं ताक घातलंत तर ते जिवंतच पोटात जातं. सासूबाई चुकीचं नाही सांगत.

वाखेनिंगनचा_पुणेकर

खर्चाचा विषय निघालाय म्हणून एक अजून. फ्रान्समध्ये रेनला एका गटाने चीजचं गोड व्हे (चीज करताना सुटणारं पाणी) घट्ट करून, ३० टक्के सॉलिड्सपर्यंत, त्यातच बॅक्टेरिया वाढवले आणि सेंट्रिफ्यूज न करता तेच सरळ स्प्रे ड्रायरला दिलं. व्हे घट्ट असल्यामुळे वाढतानाच सेलवर ताण येतो, तो स्ट्रेस प्रोटीन बनवतो, बीटेन-ट्रेहॅलोजसारखे रेणू साठवतो, आणि तेच व्हे पुढे बाहेरचं कवच बनतं. मीडिया आणि प्रोटेक्टंट एकच. मला हे काम फार आवडतं.

तुमच्याकडे सांगलीत व्हे मिळेल पण कुठलं ते बघा. चक्क्याचं पाणी आंबट, पीएच साडेचारच्या आसपास, ते घट्ट केलं की ॲसिडही घट्ट होतं, ते आधी न्यूट्रल करावं लागेल. पनीरचं त्यापेक्षा बरं. चीज प्लँटचं मिळालं तर सगळ्यात उत्तम. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट थोडं घालावंच लागतं, नुसत्या व्हेवर प्लांटारमला मोकळी अमिनो ॲसिड पुरत नाहीत.

प्लेटवर_कॉलनी

आणि यात एक बिनखर्चाची पायरी घालता येते, हार्वेस्टच्या आधीचा सौम्य हीट शॉक. आयर्लंडमध्ये २००१ साली पॅराकेसाय एनएफबीसी ३३८ या स्ट्रेनवर ५२ अंशांना १५ मिनिटं देऊन मग स्प्रे ड्राय केलं तर न दिलेल्यापेक्षा १८ पट सेल वाचले. प्लांटारमसाठी तापमान वेगळं निघेल, ४५ पासून सुरू करून शोधावं लागेल. पण हा शॉक ब्रॉथमध्ये असतानाच द्यायचा, धुतल्यानंतर सलाइनमध्ये नाही. त्या १५ मिनिटांत सेलला ग्रोईएल, डीएनएके ही बिघडलेली प्रोटीन परत घडी घालणारी प्रोटीन बनवायची असतात, त्याला अमिनो ॲसिड पाहिजेत आणि साखरेतून एनर्जी पाहिजे. सलाइनमध्ये काय बनवणार तो बिचारा.

सांगलीकर_डेअरी

सर्वांनी सांगितलेलं करून बघितलं, थोडा उशीर झाला रिपोर्ट करायला. आरतीताई, कर्व्ह खरंच सरकलेला होता, नव्या मीडियात वाढ सपाट व्हायला तीन तास जास्त लागतात. हार्वेस्ट पुढे ढकलल्यावर वॉटर बाथमध्ये साधारण अर्धा लॉग परत मिळाला. पण पूर्ण नाही.

मग यीस्ट एक्स्ट्रॅक्ट पूर्ववत केलं, बीटेन आणि ०.३ मोलर मीठ घातलं, वॉश बंद केला. आता १० मिनिटांचा आकडा जुन्या एमआरएसच्या जवळपास पोचलाय, सोया पेप्टोन तसंच ठेवून. ट्वीनचं सर म्हणाले तसंच, साध्या अगारवर फारसा फरक नाही, मिठाच्या अगारवर ट्वीन नसलेले सेल भरपूर कमी. म्हणजे जिवंत आहेत पण जखमी. पावडरमध्ये सहा महिने टिकवायचं असेल तर हे सेल चालणार नाहीत असं वाटतं, म्हणून ट्वीन परत घेतोय, फेसाला फूड ग्रेड अँटीफोम. ड्रायरवरची बॅच या आठवड्यात लावतोय, आउटलेट ७२ ठेवून.

फक्त आता एकच, ट्वीन ८० व्हेज धरायचं का? हिरव्या ठिपक्याचा प्रश्न परत तिथेच येतो.

आरती_फूडटेक

दादा, पॉलिसॉर्बेट ८० मधलं ओलिक ॲसिड वनस्पती तेलातूनही येतं आणि जनावराच्या चरबीतूनही, बाटलीवर बघून कळत नाही. सप्लायरकडून व्हेजिटेबल ओरिजिनचं सर्टिफिकेट लॉट नंबरसकट मागा, देणारे देतात. यीस्ट एक्स्ट्रॅक्टला तो प्रश्न नाही. पण मास्टर कल्चर तुम्ही कशात ठेवलंय तेही बघा, ग्लिसरॉल स्टॉक (गोठवून ठेवलेलं मूळ कल्चर) जुन्या एमआरएसमधला असेल तर नव्या मीडियात दोन-तीन वेळा सबकल्चर करून नवीन स्टॉक बनवा, आणि त्या स्टॉकची वॉटर बाथ टेस्ट एकदा करून ठेवा म्हणजे पुढे प्रत्येक लॉटला तुलना करायला आकडा राहील.